फ्रान्सचं विमान, ओताचा कारखाना

न्यूपोर म्हटलं की विमानांच्या शौकिनांना पहिल्या महायुद्धातलं ते चिमुकलं दीडपंखी विमान आठवतं: वरचा पंख रुंद, खालचा जेमतेम अर्धा, आणि नाकात पंख्याबरोबर स्वतःही गरगरणारं इंजिन. म्हणून ‘न्यूपोर-दलाज २९’ हेही त्याच लढाईतलं असणार, असं धरून चालतात. त्याचा नमुना १९१८ मध्ये उडाला खरा, पण फ्रेंच पलटणींत यायला १९२२ उजाडलं. शिवाय हे दीडपंखी नव्हे, चांगलं दोन पुऱ्या पंखांचं. इंजिन ३०० अश्वशक्तीचं, आठ सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं हिस्पानो-सुइझा. त्यासाठी नाकाखाली रेडिएटरचे दोन गोल डबे लटकवलेले. एकदा ते पाहिले की हे विमान कुठल्याही जुन्या फोटोत ओळखता येतं. आणि नावातला दलाज म्हणजे मोटारवाला लुई दलाज नव्हे. हे आराखडे करणारे गुस्ताव दलाज.

विमान फ्रेंच, तेव्हा त्यातली बहुतेक फ्रान्समध्येच बनली असतील, हाही असाच एक समज. इटली आणि बेल्जियममध्ये ती बनलीच. पण खरा मोठा आकडा जपानचा. तोक्योच्या वायव्येला ओता गावी नाकाजिमा कंपनीने १९२३ ते १९३२ या काळात ६०८ विमानं बांधली. फ्रान्सच्या स्वतःच्या हवाई दलाने घेतली त्याहून ही कितीतरी जास्त.

जपानी लष्करात त्याचं नाव ‘को-४’. हे काही त्यांचं चौथं लढाऊ विमान नव्हतं. ‘को, ओत्सू, हेई’ म्हणजे आपलं अ, ब, क. न्यूपोरला ‘को’, साल्मसनला ‘ओत्सू’, स्पाडला ‘हेई’, अशी फ्रेंच कंपन्यांची वाटणी होती. ‘को’मधली पहिली दोन तर शिकाऊ वैमानिकांची विमानं.

‘जपान्यांनी नक्कल मारली’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. नाकाजिमाने रीतसर परवाना घेतला होता. जपानी वैमानिकांना इंग्रजांनी शिकवलं, असंही सांगतात. ते नौदलापुरतं खरं. लष्कराचे मास्तर फ्रेंच. १९१९ मध्ये कर्नल फोर यांचं पथक जपानला आलं आणि त्यांनी उड्डाणापासून नेमबाजीपर्यंत सगळं शिकवलं. कारखान्यातली विद्याही साधी नव्हती. विमानाचं धड सांगाडा करून वर कापड ताणलेलं नव्हतं. पातळ लाकडी पट्ट्या तिरक्या गुंडाळत, थरावर थर चिकटवत ते घडवायचं, म्हणजे कवच हाच सांगाडा. हे कागदावरचं चित्र पाहून जमत नाही. हात बसावा लागतो.

तो हात पुढे कुठे गेला? को-४ च्या जागी लष्कराने ९१ नंबरचं विमान घेतलं, तेही नाकाजिमाचंच. त्याच्या आराखड्यावर मारी आणि रोबँ हे दोन फ्रेंच अभियंते होते, आणि त्यांच्याबरोबर कोयामा यासुशी. १९३६ मध्ये कोयामांच्या हाताखाली झालेलं की-२७ उडालं: सगळं धातूचं, एकच पंख, तोही खाली. त्या आराखड्यावर फ्रेंच नाव एकही नव्हतं.