पाटीवरचं पहिलं अक्षर

बँकेत शाखांचे संकेतांक लिहिण्यात माझा जन्म गेला, म्हणून असेल. पण परदेशी मोटारींचे नंबर दिसले की मी ते वाचत बसतो. चीनचे तर वाचण्यासारखेच!

पाटीवर आधी एक चित्राक्षर, ते प्रांताचं. शांदोंग प्रांताचं अक्षर ‘लू’. कन्फ्यूशियस जन्मला त्या राज्याचं हे नाव. राज्य बुडून दोन हजारांहून अधिक वर्षं झाली, मालट्रकांवर मात्र ते अजून धावतंय. पुढे रोमन अक्षर, ते शहराचं. ‘ए’ बहुधा प्रांताच्या राजधानीला. सिचुआनमधलं ‘बी’ होतं चोंगचिंगचं. १९९७ साली ते शहर प्रांतातून वेगळं झालं, त्याला ‘यू’ हे स्वतःचं चित्राक्षर मिळालं आणि रिकामं ‘बी’ गेलं म्यानयांगला. वाटणीच म्हणायची!

शांघायमध्ये मात्र अक्षराला दाम पडतो. तिथे पाट्यांचा लिलाव होतो. २०१७ साली एका पाटीला नव्वद हजार युआनच्या आसपास मोजावे लागत. तेवढ्यात लहानशी मोटार आली असती. ‘सी’ची पाटी लिलावाशिवाय मिळते, पण ती लावून बाह्य वर्तुळाकार रस्त्याच्या आत शिरायचं नाही. म्हणजे गाडी दारात, शहर दूर.

बीजिंगने २०११ पासून सोडत काढली. माझ्यातल्या कारकुनाला हे अधिक न्याय्य वाटतं. २०२१ पासून तर ज्या घरात गाडीच नाही, त्या घराला एकत्र अर्ज करता येऊ लागला. अर्जात जितक्या पिढ्या, तितके गुण जास्त. सासू-सासऱ्यांची नावं अर्जावर आग्रहाने घातली जात असतील!