यादीबाहेरच्या कॅसेट

मराठीतले थोर अल्बम कोणते, हा वाद निघाला की यादी ठरलेलीच असते. १९७४चा ‘शिवकल्याण राजा’, लताबाईंचे ‘अभंग तुकयाचे’, भीमसेनांची ‘अभंगवाणी’, मग ‘गारवा’, पुढे ‘आयुष्यावर बोलू काही’. यातलं एकही नाव खोडू नये. पण २००४ साली कवी वामनदादा कर्डक आणि गायक प्रल्हाद शिंदे दोघेही गेले. त्याला वीस वर्षं उलटून गेली, तरी या यादीत त्यांना जागा नाही. माझ्यासारख्या नांदूरघाटच्या माणसाला हे जिव्हारी लागतं.

तबकड्यांचा काळ आमच्याकडून नुसता गेला. गाणं घरात शिरलं ते कॅसेटबरोबर, आणि नव्वदचं दशक तर पुरतं आमचं होतं. बाजाराच्या दिवशी दुकानात कोरी कॅसेट देऊन गाणी भरून घ्यायची. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं आणि कुणाच्या तरी मांडीवर टेप. रात्री कोपीत तो सेलवर चालायचा. आवाज बहुतेक वेळा प्रल्हाद शिंद्यांचा.

कव्वाली, विठ्ठलाची गाणी, सत्यनारायणाची कथा आणि भीमगीतं, सगळं त्या एका गळ्यानं पेललं. ज्या समाजाला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यातल्याच माणसाच्या आवाजात गावाच्या पूजा सुरू व्हायच्या. त्याच आवाजात भीमगीत लागलं की मात्र टेप बारीक करायला सांगणारे लोक मी पाहिलेत. याच गाण्यांना ‘टपरीछाप’ म्हणणारे पुढे अभिरुचीचे परीक्षक झाले. आजच्या याद्या त्यांच्याच पठडीतल्या आहेत.

१४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं. सोळा वर्षांच्या त्या लढ्यात घरं जळाली, माणसं गेली. तो इतिहास शाळेच्या पुस्तकानं आम्हाला सांगितला नाही, गायन पार्ट्यांनी आणि कॅसेटींनी सांगितला. ज्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं, त्यांना वामनदादांच्या शब्दांतून बाबासाहेब कळले. अल्बमची थोरवी आणखी कशानं मोजायची?

सीडी आणि पेनड्राइव्हच्या काळाबद्दल लिहावं असं फारसं नाही. आज आंबेडकर जयंतीला डीजेनं छाती हादरते, पण शब्द कानापर्यंत पोचत नाही. मोबाईलवर जुनं गाणं सापडतं, तेही अनेकदा तोडलेलं, ठेका बदललेलं, कवीच्या नावाशिवाय. कॅसेटच्या कव्हरवर, बारीक अक्षरात का होईना, गीतकार, संगीतकार आणि गायक असायचे. ज्यांच्याकडे शब्दांखेरीज काही नव्हतं, त्यांचं नावही आता गेलं.

कॅसेटची फीत कायम टिकत नाही. ओल लागते, बुरशी चढते. घराघरांतल्या पेट्यांत पडलेल्या या कॅसेट कव्हरांसकट गोळा झाल्या पाहिजेत, आणि हे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठानं हाती घ्यावं. त्या नावासाठी ही गाणी गायली गेली. विद्यापीठावर त्यांचं ऋण आहे. थोर अल्बमांची यादी त्यानंतर नव्यानं करू.