बोअर आपला, पाणी कोणाचं?

गेल्या सुट्टीत गावी गेलो होतो. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं आमचं छोटंसं गाव. रात्री जेवणं झाल्यावर धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दादा, शेजारच्या काकांनी बोअर घेतला आणि आपली विहीर फेब्रुवारीतच आटायला लागली. चारशे फूट बोअर मारावा म्हणतोय. तू थोडा हातभार लाव."

आपल्यापैकी अनेकांना असा निरोप आला असेल. आपण चेक लिहून मोकळे होतो. पण मी पडलो इंजिनियर, म्हटलं आधी हिशोब बघू!

भारत वर्षाला सुमारे २४५ घन किलोमीटर भूजल उपसतो. जगात सर्वात जास्त! त्यातलं ८५ टक्क्यांहून अधिक शेतीला जातं. महाराष्ट्राची चार-पंचमांश जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरुमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. या भेगा बांध ओळखत नाहीत. काकांचा बोअर आमच्या विहिरीचं पाणी ओढतो, आमचा बोअर आणखी कोणाचं तरी ओढणार. साठा तेवढाच, नळ्या मात्र वाढल्या!

मग कायदा काय करतो? १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं असं ठरलं. महाराष्ट्राने १९९३ साली सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, असा नियम केला. २००९ चा नवा कायदा २०१४ पासून लागू झाला. त्याने ६० मीटरहून खोल विहिरींवर बंधनं आणली. म्हणजे भावाचे चारशे फूट त्याच्या दुप्पट! पण गावोगावी बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते. त्यात २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत. मग पंप बंद कोण करणार?

हे फक्त 'तिकडचं' रडगाणं नाही बरं का. आपल्या कॅलिफोर्नियातसुद्धा भूजलाचा राज्यव्यापी कायदा २०१४ साली आला, आणि उपसा-भरणा जुळवायला २०४०-४२ पर्यंत मुदत आहे.

जिथे जमलं, तिथे गावानेच ठरवलं म्हणून जमलं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे या इंजिनियरनेच पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीप्रमाणे नव्हे, माणशी, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर बंद केले. पावसाळा संपला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरतात.

मी भावाला म्हटलं, "पैसे देतो, पण बोअरला नाही. विहिरीतला गाळ काढ, ठिबक बसव. आणि काकांकडे जाऊन बोल." तो रुसला. "तिकडे बसून सांगणं सोपं आहे, दादा," म्हणाला. खरंच आहे ते. माझ्या घरी नळ चोवीस तास वाहतो.

महिन्याभराने त्याचा फोन आला. तो आणि काका दर पंधरवड्याला दोन्हीकडची पाण्याची पातळी मोजून एकाच वहीत लिहितात. ऊस कोणी सोडायचा, यावर मात्र अजून भांडण चालू आहे. चालू दे! निदान आता दोघांसमोर आकडे तरी एकच आहेत.

मंडळी, पुढचा चेक लिहिण्याआधी एवढंच विचारा: शेजाऱ्याच्या विहिरीचं काय?