सांगाडा एक, बिल्ले अनेक

चाकणच्या एकाच कारखान्यातून स्कोडा कुशाक बाहेर पडते आणि फोक्सवॅगन टायगुनही. दोघींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 2651 मिलिमीटर. तिथेच तयार होणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टस या सेडान गाड्यांचाही तेवढाच. बॉनेट उघडलं की चौघींत तीच दोन इंजिनं आलटूनपालटून दिसतात: एक लिटरचं तीन सिलिंडरचं किंवा दीड लिटरचं चार सिलिंडरचं, दोन्ही टर्बो पेट्रोल. आत बसलात तर काचा वर-खाली करायची बटणंसुद्धा ओळखीची वाटतील. तरीही पाडव्याला गाडी घरी आणायची ठरवलेलं कुटुंब ‘कुशाक की टायगुन’ यावर आठ-आठ दिवस खल करतं, दोन शोरूमचे उंबरठे झिजवतं आणि शेवटी एकीच्या बाजूने कौल देतं.

यात कुणी कुणाला फसवत नाही. गाड्यांच्या धंद्याचं गणितच असं आहे की लहान आणि मध्यम आकाराची गाडी आता एकटी जन्माला येत नाही, भावंडांसकट येते. कंपन्यांनी ही भावंडं आधी ओबडधोबडपणे, मग हुशारीने आणि आता जवळजवळ एखाद्या नियमावलीसारखी कशी घडवली, तो इतिहास रंजक आहे. गाडी घेणाऱ्याच्या खिशाशीही त्याचा थेट संबंध आहे.

खर्च नेमका कुठे होतो?

जुन्या गाड्यांत खाली लोखंडी चासी असायची आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असायची. आजही ट्रक तसेच बनतात. बहुतेक प्रवासी गाड्यांत मात्र पत्र्याची बॉडीच भार पेलते. अशा गाडीत प्लॅटफॉर्म म्हणजे खालचा तळ, टक्कर झाल्यावर चेपून धक्का शोषणाऱ्या पुढच्या तुळया, इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली भिंत, सस्पेन्शन जिथे जोडलं जातं त्या जागा, स्टीअरिंग, ब्रेक आणि वायरिंगची मूळ मांडणी. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही, पण कंपनीचा पैसा आणि वेळ मुख्यतः इथेच जातो. पत्रा दाबणाऱ्या डाय घडवायच्या, गाडी पुनःपुन्हा भिंतीवर आदळून पाहायची, खड्ड्यांतून हजारो किलोमीटर पळवायची. दिवे, बंपर, दारं, डॅशबोर्ड हा वरचा साज त्या मानाने स्वस्तात आणि लवकर बदलता येतो. म्हणून तळाचा खर्च चार-पाच मॉडेलांवर वाटून टाकायचा, हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा.

ही युक्ती जुनीच आहे. फोक्सवॅगनच्या बीटलचा तळ आणि वरची बॉडी बोल्टांनी जोडलेली असायची. त्यामुळे 1955 साली जवळपास त्याच यंत्रणेवर कारमान घिया ही देखणी कूपे उभी राहिली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने 1962 पासून एकच छोटी गाडी ऑस्टिन, मॉरिस, एमजी, वोल्सली, राइली आणि व्हॅन्डन प्लास अशा सहा नावांनी विकली. जाळी वेगळी, आतलं लाकूडकाम वेगळं, बाकी सगळं तेच.

या युक्तीचा अतिरेक अमेरिकेत झाला. जनरल मोटर्सने 1981 साली शेव्हरोले कॅव्हेलियर या साध्या कॉम्पॅक्ट गाडीवर थोडं चामडं आणि क्रोम चढवून कॅडिलॅक सिमरॉन आणली आणि कित्येक हजार डॉलर जास्त लावले. कॅडिलॅक म्हणजे तिथल्या श्रीमंतीची खूण, आणि सिमरॉनकडे पाहताच खालची शेव्हरोले उघड दिसायची. 1988 मध्ये ती बंद झाली. कॅडिलॅकच्या नावाला लागलेला डाग पुसायला पुढे फार काळ गेला. धडा सरळ होता: तळ खुशाल वाटून घ्या, पण गिऱ्हाईक ज्यासाठी जास्त पैसे मोजतं, ते तरी वेगळं द्या.

गोल्फची सहा भावंडं

हा धडा फोक्सवॅगनच्या फर्डिनांड पीएख यांनी मनावर घेतला. 1993 मध्ये कंपनीची सूत्रं हाती आली तेव्हा समूहाकडे 16 प्लॅटफॉर्म होते. ते चारवर आणायचं त्यांनी ठरवलं. चौथ्या पिढीच्या गोल्फचा तळ त्यातला सर्वांत गाजलेला. 1996 ते 1999 या काळात त्यावर ऑडी ए3, स्कोडा ऑक्टाव्हिया, खुद्द गोल्फ, न्यू बीटल, ऑडी टीटी आणि सिआट लिऑन उभ्या राहिल्या. टीटीसारखी स्पोर्ट्स कार आणि ऑक्टाव्हियासारखी ऐसपैस कौटुंबिक गाडी आतून एकाच घरातल्या आहेत, हे रस्त्यावर पाहून कुणाला कळलं नसतं.

यातली ऑक्टाव्हिया 2001 च्या अखेरीस महाराष्ट्रात आली. स्कोडाने औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला तिची जुळणी सुरू केली. 1.9 लिटरच्या डिझेल इंजिनामुळे तिने इथे स्वतःचा चाहतावर्ग जमवला. युरोपात मात्र एक वेगळीच डोकेदुखी उभी राहिली. गोल्फचीच यंत्रणा ऑक्टाव्हियात कमी पैशांत आणि मोठ्या डिक्कीसह मिळते, हे गिऱ्हाइकांना कळायला वेळ लागला नाही. स्वस्त भावंड महागड्याचं गिऱ्हाईक पळवू लागलं. समूहांतर्गत ही ओढाताण तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

2012 मध्ये फोक्सवॅगन समूहाने पुढचं पाऊल टाकलं. ऑडी ए3 आणि सातव्या पिढीच्या गोल्फपासून एमक्यूबी ही मांडणी आली. इथे ठरावीक मापाचा तळ नव्हता, नियमांचा संच होता. मुख्य नियम एकच: ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर बदलायचं नाही. व्हीलबेस, दोन चाकांमधली रुंदी, मागची लांबी, सगळं हवं तसं ताणा किंवा आखडा. पेडल ते चाक हाच टप्पा का धरला? कारण इंजिन, गिअरबॉक्स, स्टीअरिंग, एसी आणि टक्कर झेलणाऱ्या तुळया याच भागात दाटीवाटीने बसतात. तिथे एक माप हललं की दहा गोष्टी नव्याने कराव्या लागतात.

इंजिनांनाही शिस्त लावली. आधीच्या लहान पेट्रोल इंजिनांत एक्झॉस्टची बाजू पुढे असायची. एमक्यूबीसाठी ती फिरवून प्रवाशांच्या बाजूला, मागे घेतली आणि इंजिन 12 अंशांनी मागे कललेलं ठेवलं, अगदी डिझेलसारखं. त्यामुळे पेट्रोल असो की डिझेल, गिअरबॉक्स आणि धुराच्या नळीची मांडणी एकाच पद्धतीने करता येऊ लागली.

पिंपरी, नाशिक आणि चार मीटरची रेघ

आपल्याकडे हा खेळ देशी पद्धतीने रंगला. टाटांनी इंडिकासाठी ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा केला आणि जहाजाने आणून पुण्यात उभारला. 1998 ची इंडिका हॅचबॅक होती, 2400 मिलिमीटर व्हीलबेसची. 2002 मध्ये तळ 50 मिलिमीटरने वाढवून आणि मागे डिक्की जोडून इंडिगो सेडान झाली, 2004 मध्ये मरिना ही इस्टेट आली. 1405 सीसीच्या डिझेल इंजिनाने तर या घराण्यात वर्षानुवर्षं चाकरी केली.

मग सरकारी करांनी या तळांची मापं ठरवायला सुरुवात केली. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत. टाटांनी 2008 मध्ये इंडिगोची शेपटी छाटून इंडिगो सीएस आणली. मागून पाहिलं की कात्री कुठे लागली ते कळायचं, पण किंमत जमली. पुढे मारुतीनेही 2012 मध्ये डिझायर याच रेघेच्या आत आणून बसवली.

ही रेघ न पाळण्याचा फटका नाशिकमध्ये दिसला. रेनोच्या रोमानियातल्या डाचिया कंपनीने 2004 मध्ये लोगान काढली होती, काटकसरीचा आदर्श म्हणावी अशी. तिचे डावे-उजवे आरसे एकाच साच्यातले, कोणत्याही बाजूला बसणारे. म्हणजे एक साचा वाचला. महिंद्राने रेनोशी भागीदारी करून ती 2007 मध्ये नाशिकला बनवायला घेतली. पण तिची लांबी चार मीटरहून जास्त होती आणि पेट्रोल इंजिन 1.4 लिटरचं. काटकसरीने वाचवलेलं करात गेलं. भागीदारी तुटल्यावर महिंद्राने तिचं नाव व्हेरिटो केलं आणि 2013 मध्ये तिला आखूड करून व्हेरिटो व्हाइब काढली, तेव्हा बाजार पुढे सरकला होता. लोगानच्याच मूळ प्लॅटफॉर्मवर उभी असलेली रेनोची डस्टर एसयूव्ही मात्र 2012 मध्ये आली आणि चांगली चालली. तळ तोच, वरचा साज काळाला मानवणारा.

आजही ही रेघ तशीच आहे. सप्टेंबर 2025 पासून तिच्या आतल्या गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आणि बाहेरच्यांवर 40 टक्के. चाकणमध्ये तिचा परिणाम मिलिमीटरमध्ये मोजता येतो. फोक्सवॅगन समूहाने 2018 मध्ये सुमारे 100 कोटी युरोंची भारत योजना जाहीर केली. तिची धुरा स्कोडाकडे होती. युरोपातल्या पोलोसाठी बनलेली एमक्यूबीची छोटी आवृत्ती इथल्या किमतीत बसावी म्हणून बदलली, सुटे भाग शक्यतो इथेच बनवून घेतले. त्यातून 2021 मध्ये कुशाक आणि टायगुन आल्या, 2022 मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस. मग स्कोडाची कायलॅक काढताना याच तळाचा व्हीलबेस 85 मिलिमीटरने घटवून 2566 वर आणला. गाडीची एकूण लांबी भरली 3995 मिलिमीटर, म्हणजे रेघेच्या पाच मिलिमीटर आत. दीड लिटरचं इंजिन तिला दिलेलंच नाही. जर्मनीत आखलेल्या नियमावलीचं शेवटचं पान दिल्लीच्या करखात्याने लिहिलं, असं म्हणायला हरकत नाही.

तळ ताणण्याचं दुसरं टोक रेनोने गाठलं. 2015 ची क्विड 2422 मिलिमीटर व्हीलबेसची, चाकाला तीनच नट असलेली, काटकसरीचीच गाडी. त्याच मांडणीला 200 मिलिमीटरहून जास्त ताण देऊन 2019 मध्ये ट्रायबर आली आणि चार मीटरच्या आत सात माणसं बसू लागली. निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगर याच कुळातल्या.

प्लॅटफॉर्म एक, तारे वेगळे

इथे गिऱ्हाइकाने सावध व्हायला हवं. जाहिरातीत प्लॅटफॉर्मचं नाव ठळकपणे येतं आणि वाटतं की या नावाची एक गाडी मजबूत निघाली म्हणजे सगळ्याच मजबूत. मारुतीचा हार्टेक्ट घ्या. 2015 च्या बलेनोपासून इग्निस, डिझायर, स्विफ्ट, अर्टिगा, वॅगन आर, एस-प्रेसो अशी मोठी फौज त्यावर आली. बलेनो तेव्हाच्या स्विफ्टहून मोठी असूनही हलकी होती, म्हणून ॲव्हरेज चांगलं. पण ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत डिसेंबर 2022 मध्ये एस-प्रेसोला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एक तारा मिळाला आणि 2024 च्या नव्या डिझायरला पाच. प्लॅटफॉर्मचं नाव तेच. क्विडला 2016 मध्ये शून्य तारे होते, तिच्याच मांडणीतून निघालेल्या ट्रायबरला 2021 मध्ये चार. तळावर किती जाड आणि कोणत्या दर्जाचं पोलाद लावलं, एअरबॅग किती दिल्या, बाजूच्या धडकेसाठी काय केलं, यावर सगळं अवलंबून असतं. उलट उदाहरणंही आहेत. टाटांच्या अल्फा मांडणीवरच्या अल्ट्रोज आणि पंच दोघींनी पाच तारे मिळवले. दोघींची दारं 90 अंशांत उघडतात, म्हणजे आजीआजोबांना गुडघे न दुखवता आत बसता येतं. सामायिक तळाचा असा गुण भावंडांना वारशाने मिळतो.

दोषही वारशानेच मिळतो. जानेवारी 2023 मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी बलेनो, ब्रेझा, ग्रँड व्हिटारा यांसह 17,362 गाड्या परत बोलावल्या. त्याच वेळी टोयोटानेही त्यांचीच भावंडं असलेल्या ग्लान्झा आणि हायरायडर मिळून 1,390 गाड्या बोलावल्या. एक छोटा भाग, दोन कंपन्यांची गिऱ्हाइकं वर्कशॉपच्या रांगेत.

ग्लान्झा ही तर बलेनोच आहे. जाळी, बिल्ला आणि थोडा साज वेगळा. 2019 मध्ये ती आली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पण तेव्हा बलेनोला दोन वर्षं किंवा 40,000 किलोमीटरची वॉरंटी होती आणि ग्लान्झाला तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची. गाडी तीच, पण करार वेगळा. शहाणी गिऱ्हाइकं तो करार वाचून टोयोटाच्या शोरूमकडे वळली.

म्हणून शोरूममध्ये ‘हिच्याखाली तीच गाडी आहे ना?’ एवढं विचारून थांबू नये. भावंडं कोणती ते काढावं, मग याच मॉडेलचा, याच पिढीचा चाचणीचा निकाल पाहावा. वॉरंटी आणि सर्व्हिसचा खर्च दोन्ही शोरूममधून लेखी मागावा. आपल्या गावाजवळ कोणाचं वर्कशॉप आहे आणि जुनी विकताना कोणत्या बिल्ल्याला भाव येतो, हे गॅरेजवाल्याला विचारावं. इतकं केल्यावर दोन भावंडांत फरक उरला नाही, तर जी स्वस्त पडते ती घ्यावी. तळ वाटून कंपनीने स्वतःचे पैसे वाचवलेत. त्यातला आपला वाटा मागायला संकोच कशाला?