बर्फगाडीची कुरकुर

खेड्यांतील रस्त्यानें बैलगाडी चालली असतां चाक कुरकुरूं लागलें, म्हणजे जाणता गाडीवान खालीं उतरतो, आंसाला वंगण घालतो आणि मगच पुढें निघतो. यंत्रशास्त्राचें पुस्तक त्यानें उघडलेलें नसतें. पण लांकूड आणि लोखंड काय म्हणतें तें त्याला कळतें. हीच विद्या कॅनडाच्या हिमाच्छादित प्रदेशांत स्नोमोबाईल, म्हणजे बर्फगाडी, हांकणाऱ्यालाही शिकावी लागते. काश्मिरांत गुलमर्ग येथें गेलेल्या प्रवाशांनीं हें वाहन पाहिलें असेल.

या वाहनाच्या इतिहासांत एका पित्याचें दुःख आहे. क्वेबेक प्रांतांतील व्हालकूर गांवीं जोझेफ-आर्मां बोंबार्डिए हा कारागीर राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बुजलेले. इस्पितळ गांठतां आलें नाहीं आणि मूल दगावलें. बर्फावर चालणाऱ्या गाडीची त्याची खटपट आधींपासून चाललीच होती; १९३७ सालीं दांतेरी चाक व पट्टा यांच्या योजनेचें पेटंट त्याला मिळालें, आणि १९५९ सालीं त्याच्या कारखान्याची लहान, हलकी गाडी बाजारांत आली. बर्फानें वाट अडविली असतांही मुक्कामीं पोंचतां यावें, हें या गाडीचें काम. तीच वाटेंत मोडली तर कडाक्याच्या थंडींत माणसाच्या जिवाशीं गांठ पडते. म्हणून तिची कुरकुर वेळींच ओळखणें हा नुसता हौशीचा विषय नव्हे.

गाडीला पुढें दोन स्की असतात. त्या लोखंडी बाहूंनीं व शॉक-ॲब्सॉर्बरांनीं अंगाला जोडलेल्या असतात. मागें रबराचा रुंद पट्टा फिरतो. त्याच्या आंत एक सांगाडा असतो: दोन लांब रूळ, रुळांच्या तळाशीं प्लास्टिकच्या पट्ट्या, पट्टा सांवरणारीं लहान चाकें, स्प्रिंगा आणि पुन्हा शॉक-ॲब्सॉर्बर. जेथें एक भाग दुसऱ्यावर फिरतो किंवा घासतो, तेथें झीज होते. आणि झीज बहुधा आवाजानेंच आपली वर्दी देते.

पहिली परीक्षा इंजिन बंद करून करावी. बैठकीवर दोन्ही हातांनीं भार देऊन गाडी खालींवर हलवावी. आतां जो आवाज येईल तो इंजिनाचा नव्हे, सस्पेन्शनचाच. बारीक कुरकुर ऐकूं आली, तर सांध्यांतील बुश कोरडें पडलें असावें. तेथें ग्रीज भरावें. 'खट्‌' असा कोरडा ठोका आला, तर बुश झिजलें आहे किंवा बोल्ट सैल झाला आहे. ग्रीज भरून हा ठोका जात नाहीं. झिजलेला भाग बदलावा लागतो. खळग्यावरून जातांना सांगाडा धाडकन्‌ तळाला आपटत असेल, तर शॉक-ॲब्सॉर्बरची दांडी पाहावी. तिच्यावर तेल पाझरलेलें दिसलें, म्हणजे दोष कोठें आहे तें कळलें. स्कीच्या बाजूनें ठोका येत असेल, तर गाडीचें तोंड उचलून स्की हातानें हलवावी. सांध्यांतील ढिलाई बोटांनाच समजते.

कांहीं आवाज चालतांनाच येतात. त्यांची परीक्षा मोजणीनें होते. उदाहरणादाखल पट्ट्याची लांबी ३४८ सेंटिमीटर आणि लहान चाकाचा व्यास १८ सेंटिमीटर धरूं. पट्टा एकदां फिरतो तेवढ्यांत चाकाचे सुमारें ६ फेरे होतात. गाडी ताशीं ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीनें, नेली तर पट्ट्याला एका फेऱ्यास सुमारें अडीच सेकंद लागतात. तेव्हां दर अडीच सेकंदांनीं एकच टोला पडत असेल, तर दोष पट्ट्यांत शोधावा. कदाचित्‌ एखादी पत्र्याची क्लिप निघाली असेल. तेवढ्या वेळांत सहा टोले पडत असतील, तर एखाद्या चाकाची रबरी कड फाटली असेल. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची तक्रार होय. आणि ब्रेक दाबतांना किंवा एकदम वेग देतांना मागून धडधड दणके बसले, तर पट्टा ढिला होऊन दांत्यांवरून उडी मारीत आहे, असें समजावें. त्याचा ताण कारखान्याच्या पुस्तकांत दिलेल्या मापाप्रमाणें करावा.

बेअरिंग तपासण्यासाठीं इंजिन बंद ठेवून गाडीचा मागचा भाग भक्कम टेकूवर चढवावा आणि एकेक चाक बोटांनीं फिरवावें. चांगलें चाक निमूटपणें फिरतें. बिघडलेलें वाळू भरल्यासारखें खरखरतें किंवा डगडगतें. उचललेल्या गाडीचा पट्टा इंजिनानें फिरवीत असतां कोणीही मागें उभें राहूं नये. बर्फाचा खडा किंवा सुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

रुळांच्या प्लास्टिक पट्ट्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांना वंगण बर्फाचेंच. मऊ बर्फांत त्या थंड व ओल्या राहतात. पण कठीण, उघड्या बर्फावर किंवा सडकेवर गाडी धांवली कीं त्या तापून वितळूं लागतात. अशा वेळीं आवाजाच्या आधीं जळक्या प्लास्टिकचा वास येतो. वास आला कीं वेग कमी करून मऊ बर्फाकडे वळावें, आणि मुक्कामीं पोंचल्यावर पट्ट्यांची जाडी पाहावी.

एकंदरींत क्रम असा: आवाज केव्हां येतो तें पाहावें, किती वेळां येतो तें मोजावें, मग हातानें खात्री करावी आणि शेवटीं पाना उचलावा. अंदाजानेंच भाग बदलीत सुटणाऱ्याचा पैसा जातो आणि दोष तेथेंच राहतो. निघण्यापूर्वीं दहा मिनिटें कान देणाऱ्यावर रानांतून पायीं परतण्याची पाळी क्वचितच येते.