गॅलरीतली खुर्ची का मोडली?

आमच्या घरी एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. रंग एक, आकार एक, किंमतही एकच. त्यांतली एक आईच्या पलंगाशेजारी राहिली आणि दुसरी गॅलरीत गेली. आम्ही ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत राहतो. आमची गॅलरी पश्चिमेकडे आहे. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत तिथे ऊन असते. आठ वर्षे आई रोज संध्याकाळी तिथे बसून भाजी निवडत असे. एके दिवशी खुर्चीचा मागचा पाय काडकन मोडला. आई पडली, मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला. आईचे वजन अवघे ४८ किलो! त्याच आठवड्यात तिला पाहायला आलेले माझे ८० किलोचे मामा पलंगाशेजारच्या खुर्चीवर तासभर ऐसपैस बसून गेले. तिला काहीही झाले नाही.

म्हणजे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याच्या घरात नकळत एक प्रयोगच घडला होता. दोन्ही खुर्च्या सारख्या. फरक मुख्यतः उन्हाचा. मग उन्हाने खुर्चीचे नेमके काय केले?

आधी ही खुर्ची आली कुठून ते पाहू. माझ्या लहानपणी घरात प्लॅस्टिकची खुर्ची म्हणजे लोखंडी नळीच्या सांगाड्यावर रंगीत प्लॅस्टिकच्या वायरी विणलेली खुर्ची. उन्हाळ्यात तिच्यावरून उठले की पाठीवर वायरींचे वळ दिसत. सबंध प्लॅस्टिकची खुर्ची घरोघरी आली ती १९९० नंतर. ती ज्या पदार्थाची असते त्याचे नाव पॉलिप्रॉपिलीन. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली, जर्मनीतील कार्ल झीगलर यांच्या उत्प्रेरकांच्या आधारे, त्याचे रेणू शिस्तीत जोडून दाखवले. दोघांना १९६३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबिन डे यांची पॉलिप्रॉपिलीनची बैठक आणि पोलादी पाय असलेली खुर्ची बाजारात आली. पायांसकट सगळी खुर्ची एकाच साच्यातून दोन मिनिटांच्या आत काढण्याचे काम फ्रान्सच्या आंरी मासोने यांनी १९७२ साली केले. आज मंगल कार्यालयात दिसणारी खुर्ची ही तिचीच नात म्हणा ना!

घरातली अशी खुर्ची उलटी करून पाहा. बैठकीच्या खाली मधोमध एक लहानसा गोल वण दिसेल. सुमारे २२० अंश सेल्सियसला वितळलेले प्लॅस्टिक प्रचंड दाबाने तिथून साच्यात शिरले आणि चारही पायांच्या टोकांपर्यंत पोचले. जवळपास बाणांच्या त्रिकोणात ५ हा आकडा असेल, तर ते पॉलिप्रॉपिलीन.

दोन-अडीच किलोची ही वस्तू माणसाचे वजन पेलते कशी? एक पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर पुलासारखे ठेवा आणि मध्ये नाणे ठेवा. कार्ड वाकेल. आता त्याच कार्डाला लांबीच्या दिशेने पन्हळीसारख्या घड्या घाला. तेच कार्ड पाच-सहा नाणी सहज पेलेल. खुर्चीचे पाय आडवे कापले तर असाच कोन किंवा पन्हळ दिसते. ताकद पदार्थाइतकीच आकाराची आहे. पण वाकणाऱ्या वस्तूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. ताणलेल्या बाजूवर एखादी बारीक भेग असेल, तर सगळा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता उन्हाकडे वळू. पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची लांबलचक साखळी. अशा साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून प्लॅस्टिक चिवट असते. दोन कार्बन अणूंमधला बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनजवळ असते जेमतेम सव्वादोन. त्याने काही होत नाही. पण ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणाच्या फोटॉनजवळ ४.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात! खरे तर शुद्ध पॉलिप्रॉपिलीन हे किरण फारसे शोषतच नाही. घात करतात ते त्यातले परके अणुगट : उत्प्रेरकाचे अवशेष, साच्यात तापताना ऑक्सिजनने केलेले डाग. ते किरण शोषतात आणि साखळीवरचा एखादा हायड्रोजन निखळतो. रिकाम्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, साखळी तुटते, आणि तुटलेला भाग शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

साखळ्या आखूड झाल्या की गुंता सुटतो. आधी पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते, मग केसासारख्या भेगा पडतात. आतला भाग ठीक असला तरी भेगेचे काम भेग करतेच. घरातल्या खुर्चीवर थेट ऊन येत नाही, आणि खिडकीची काच सर्वांत आखूड अतिनील किरण बरेचसे अडवते. म्हणून ती वाचली.

मोठमोठ्यांचीही यात फसगत झाली आहे. डेन्मार्कच्या व्हर्नर पँटन यांची एका पायाची वळणदार खुर्ची जगप्रसिद्ध आहे. १९७१ पासून ती वेगळ्या, स्टायरीनच्या जातीच्या प्लॅस्टिकची करू लागले. पण कालांतराने खुर्च्या तडकू लागल्या आणि १९७९ साली उत्पादन थांबवावे लागले.

यावर उपाय आहेत. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बहुधा काळ्या का असतात? त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते; ती किरण स्वतः शोषते आणि साखळ्यांपर्यंत पोचू देत नाही. रंगीत खुर्च्यांत साखळी-क्रिया मध्येच तोडणारी स्थिरकारी रसायने घालतात. ती महाग असतात. स्वस्त खुर्चीत ती कमी आणि खडूची पूड जास्त, असेही घडते. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९, म्हणजे ते पाण्यावर तरंगते. मोडक्या खुर्चीचा तुकडा पाण्यात टाकून पाहा. बुडाला तर खडूसारखी जड भर भरपूर आहे असे समजा. आमचा तुकडा बुडाला.

तुम्ही विचाराल, प्लॅस्टिक शेकडो वर्षे टिकते म्हणतात, ते खोटे का? खोटे नाही. मरते ती खुर्ची, प्लॅस्टिक नव्हे. त्याचे कण होतात, कणांचे आणखी बारीक कण होतात, आणि आमच्याकडचे पावसाबरोबर ठाण्याच्या खाडीकडे जातात.

आज घरी गेल्यावर आजी-आजोबा ज्या खुर्चीवर बसतात तिच्यावर बोट घासा. पांढरी पूड लागली, रंग फिका दिसला किंवा पाय जिथे बैठकीला मिळतो तिथे बारीक रेघा दिसल्या, तर ती खुर्ची कुंडी ठेवायला द्या, माणसाला नको. जाड पाहुण्यासाठी दोन खुर्च्या एकात एक घालून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती वाईट नाही, पण दोन्ही उन्हात वाळलेल्या असतील तर तिचाही भरवसा नाही.

आई आता गॅलरीत लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसते. उन्हाने पत्रा तापतो, अशी तिची रोजची तक्रार असते. म्हणून ती त्यावर जुनी गोधडी टाकते.