गमला : ग्रंथाची साक्ष आणि मातीची साक्ष



साक्षीदारानेच पक्ष बदललेला असेल, तर त्याची साक्ष कितपत मानावी? इतिहासाच्या अभ्यासात हा प्रश्न मला वारंवार पडत आला आहे. आज त्याचा विचार मी गमला या प्राचीन ज्यू नगरीच्या आधारे करणार आहे.

गालिली सरोवराच्या ईशान्येस, गोलनच्या पठारावर, खोल दऱ्यांनी वेढलेल्या एका डोंगरसोंडेवर गमला वसली होती. सोंडेचा आकार उंटाच्या वशिंडासारखा. हिब्रू भाषेत उंटाला 'गमाल' म्हणतात, त्यावरून हे नाव. इ. स. ६६ मध्ये ज्यूंनी रोमविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा गालिलीतील सेनानी जोसिफस याने ही नगरी लढ्यासाठी सज्ज केली. पुढच्याच वर्षी तो रोमनांना शरण गेला. गमला पडली तेव्हा तो शत्रूच्या छावणीत कैदी होता. पुढे रोमन सम्राटांच्या आश्रयाने त्याने या युद्धाचा इतिहास लिहिला. गमलाच्या पाडावाची सविस्तर हकीकत त्याच ग्रंथात आहे.

तो लिहितो, की उतारावरची घरे जणू एकमेकांच्या माथ्यावर उभी होती. व्हेस्पेशियनच्या सैन्याने तट फोडला. पण छपरांवर चढलेल्या सैनिकांच्या भाराने घरे कोसळली आणि रोमनांना माघार घ्यावी लागली. दुसऱ्या हल्ल्यात नगरी पडली. चार हजार माणसे मारली गेली, पाच हजारांनी कड्यावरून उड्या घेतल्या आणि केवळ दोन स्त्रिया वाचल्या, असे तो सांगतो.

ही नगरी पुन्हा वसली नाही. १९६८ मध्ये तिचे स्थान ओळखले गेले आणि १९७६ ते १९८९ या काळात श्मार्या गुटमन यांनी तेथे उत्खनन केले. काळ्या बसाल्ट दगडाची, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी घरे उघडी झाली. तटालगत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, सापडले. त्याच्या भिंतींच्या कडेने दगडी बैठका आहेत आणि जवळच धार्मिक शुद्धिस्नानाचे कुंड आहे. चुनखडीची भांडीही मिळाली. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे दगडाच्या भांड्याला विटाळ लागत नाही. त्यामुळे अशी भांडी आणि अशी कुंडे ही ज्यू वस्तीची खूण मानली जाते.

तटाने तर स्वतःची कथाच सांगितली. तो सलग बांधलेला नव्हता; कडेच्या घरांमधील फटी आणि खोल्या दगडांनी बुजवून घाईने उभारलेला होता. त्यात फोडलेले भगदाड आढळले. यंत्रांनी फेकलेले सुमारे दोन हजार दगडी गोळे आणि सोळाशेच्या आसपास बाणांची लोखंडी पाती आढळली.

म्हणजे जोसिफस खोटा नव्हता. पण तो सर्वस्वी खराही ठरत नाही. मानवी अवशेष तेथे जवळजवळ मिळालेच नाहीत, त्यामुळे नऊ हजारांच्या आकड्याला मातीचा दुजोरा नाही. सामुदायिक आत्मघाताविषयीही अभ्यासकांना शंका आहे. जीव वाचवण्यासाठी पळताना झालेल्या चेंगराचेंगरीत माणसे घसरून पडली असावीत, असे काहींचे मत आहे.

तेव्हा साक्षीदार पक्षपाती आहे म्हणून त्याची साक्ष फेकून देऊ नये आणि तो प्रत्यक्षदर्शी आहे म्हणून ती डोळे मिटून स्वीकारूही नये. तिची एकेक बाब पारखून घ्यावी. आपल्या बखरी वाचतानाही आपण हीच सवय ठेवावी, एवढीच विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे.